संबळ आणि गिंबळ

कन्नडमध्ये पगाराला संबळ म्हणतात, हे टिळकवाडीत वाढलेल्या मराठी पोरालाही शिकवावं लागत नाही. ह्या संबळाचा एक जोडीदार आहे, गिंबळ. आपण मराठीत ‘जेवणबिवण’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘ऊटगीट’ म्हणतात. त्याच चालीवर संबळ-गिंबळ. खरं तर अशा जोडशब्दातल्या दुसऱ्या अर्ध्याला स्वतःचा अर्थ नसतो. ‘बिवण’ कुणी ताटात वाढलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण गिंबळाला अर्थ आला, मान आला आणि काही टेबलांवर तर तो थोरल्या भावाला मागे टाकून पुढे गेला. गिंबळ म्हणजे वरची कमाई.

मराठीत ‘लाच’, कन्नडमध्ये ‘लंच’. दोन्हींचं मूळ एकच, संस्कृतातलं. ‘मामूल’ हा शब्द दोघांनीही बाहेरून घेतला. मराठीत ‘मामुली’ म्हणजे किरकोळ आणि कन्नडमध्ये ‘मामूलु’ म्हणजे ठरलेला हप्ता. दोन्ही अर्थ एकत्र केले की आपल्या कार्यालयांचं चित्र पुरं होतं: ठरलेलं आहे आणि त्यात विशेष काही नाही.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं मराठी, सासर कन्नड. चोवीस वर्षं दोन्ही घरांत वावरते आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. संध्याकाळी बातम्या लागल्या की दोन्ही घरांत एकच वाक्य ऐकू येतं. माहेरी म्हणतात, ‘देश रसातळाला चालला.’ सासरी म्हणतात, ‘देश हाळागि होय्तु.’ मग चहा होतो. दोन्ही घरांतली माणसं चांगली, कष्टाळू, देवाधर्माची. त्यांचा राग खरा आहे, ह्याबद्दल मला शंका नाही. पण ह्या रागाला एक खोड आहे. तो नेहमी बेंगळुरूकडे किंवा दिल्लीकडे तोंड करून बसतो, आपल्या स्वयंपाकघराकडे पाहत नाही.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. स्थळ आणणारे लांबच्या नात्यातले काका. मुलगा दुसऱ्या एका तालुक्यात सरकारी नोकरीत. काकांनी माहिती दिली ती अशी: ‘संबळ नलवत्तु साविर, गिंबळ बेरे.’ पगार चाळीस हजार, वरचं वेगळं. आमच्या सासूबाईंनी (आम्ही त्यांना अत्ती म्हणतो) अशी मान हलवली, जशी शेत पाहायला गेलेला माणूस ‘विहिरीला बारमाही पाणी आहे’ म्हटल्यावर हलवतो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. काकांना तर मुळीच नाही. ते मुलाचा गुण सांगत होते. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीने मात्र विचारलं, ‘आ रोक्का यारदु, काका?’ ते पैसे कुणाचे?

काका हसले. ‘पोरगी हुशार आहे’ म्हणून विषय हळदीकुंकवावर गेला. (‘रोक्का’ हा उत्तर कर्नाटकातला शब्द आपल्या ‘रोख’च्या जवळचा. मुलीचा प्रश्नही रोखठोकच होता.)

उत्तर मला ठाऊक होतं. ते पैसे आमच्या दादाचे. म्हणजे त्या मुलाने दादाकडून घेतले असं नव्हे. त्याचं टेबल वेगळं, तालुका वेगळा. पण त्याच महिन्यात माझा थोरला भाऊ वडिलांच्या पाठीमागे शेताला वारसा लावण्यासाठी एका कार्यालयात खेटे घालत होता आणि त्याला ‘स्वल्प नोडकोळ्री’ असं सांगण्यात आलं होतं. थोडं बघून घ्या. आकडा पाच हजार. गिंबळ एका घरात येतं तेव्हा ते कुठल्या तरी दुसऱ्या घरातून गेलेलं असतं, एवढा साधा हिशेब आपण बैठकीत मांडत नाही.

ह्या पाच हजारांचा हिशेब दादाने मला कागदावर मांडून दाखवला. उताऱ्यावर नाव वडिलांचं. ते बदलल्याशिवाय सोसायटी पीककर्ज देत नाही. आपल्या राज्यात वेळेवर फेडणाऱ्याला सोसायटीचं ठरावीक मर्यादेपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं. ते मिळालं नाही तर गावात शेकडा तीन रुपये महिना दराने उचलावं लागतं. लाखाला महिन्याचे तीन हजार. दोन महिने उशीर झाला की सहा हजार गेले. दादा म्हणाला, ‘बाई, मी लाच देऊलालो नाही, हजार रुपये वाचवूलालोय.’ मी वर्गात तासभर सुशासन शिकवू शकते, पण ह्या वजाबाकीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाच मागणारा हा हिशेब आपल्या आधी करून बसलेला असतो. तो अन्याय विकत नाही, आपल्याच हक्काची वस्तू आपल्याला विकतो, आणि किंमत उशिराच्या किमतीपेक्षा थोडी कमी ठेवतो. म्हणून तर माणूस खिशात हात घालतो.

सीमाभागात त्यात भाषेची भर. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे ‘उतारा’, ‘तलाठी’ हे शब्द इथल्या कन्नड माणसाच्याही तोंडी आहेत. उताराला तो ‘उतार’ म्हणतो. पण कागद कन्नडमध्ये. खेड्यातल्या मराठी शेतकऱ्याला तो वाचता येत नाही, म्हणून मध्ये एजंट येतो आणि त्याची वेगळी आकारणी होते. मराठी माणूस मग म्हणतो, ‘आपण मराठी म्हणून छळतात.’ कागद वाचता न येण्याचा त्रास खराच आहे, तो मी नाकारत नाही. पण आमच्या दीरांनी गोकाकच्या बाजूला जमिनीची नोंद करून घेतली. कन्नड शाळेत शिकलेला माणूस, स्वतः अर्ज लिहिला. त्यांनाही तोच आकडा सांगितला गेला, अगदी अस्खलित कन्नडमध्ये. गिंबळाला मातृभाषा नाही. आपण भाषेवरून एकमेकांशी भांडत असतो तेव्हा ते टेबल निवांत असतं.

आता प्रश्न असा की टेबलावर बसलेला माणूस, जो घरी पूजा करतो, मुलांचे अभ्यास घेतो, तो पाच हजार मागायला कसा धजावतो? ह्याचं एक उत्तर मला माझ्या विद्यार्थ्यांनी दिलं. 3 ऑक्टोबर 2021 रोजी राज्यात पोलीस उपनिरीक्षकांच्या 545 जागांसाठी लेखी परीक्षा झाली. चोपन्न हजारांच्या आसपास मुलं बसली. आमच्या कॉलेजची काही होती. त्यातला एक पहाटे उठून आधी कॅम्पातल्या रस्त्यावर पळायचा आणि मग लायब्ररी उघडायची वाट बघत पायरीवर बसायचा. निकालानंतर बाहेर आलं ते असं: काही जणांच्या उत्तरपत्रिकांत नंतर गोल काळे केले गेले होते. एका उमेदवाराने 21 प्रश्न सोडवले होते आणि त्याला गुण 121 मिळाले होते. एप्रिल 2022 मध्ये सरकारने ती परीक्षाच रद्द केली, जुलैमध्ये पोलिसांच्या भरती विभागाचे प्रमुख असलेल्या अतिरिक्त महासंचालकांना अटक झाली. फेरपरीक्षा झाली 23 जानेवारी 2024 रोजी. मधल्या दोन वर्षांत माझ्या त्या विद्यार्थ्याचं काय झालं? घरच्यांनी हॉटेलच्या कामाला गोव्याला पाठवलं. फेरपरीक्षेला तो बसलाच नाही. लबाडी केलेल्यांबरोबर न केलेल्यांनाही दुसऱ्यांदा तीच परीक्षा द्यावी लागली, ह्याची बातमी फार मोठी झाली नाही.

जो लाखो रुपये मोजून जागा घेतो, तो ते व्याजासकट वसूल करणार हे उघड आहे. पण ते लाखो रुपये येतात कुठून? बापाने जमीन विकून, आईने पाटल्या मोडून दिलेले असतात. म्हणजे पोराच्या नोकरीसाठी मोजणारं घर आणि वारशासाठी मोजणारं घर ही दोन वेगळी घरं नाहीत. एकाच गल्लीत, कधी एकाच छपराखाली आहेत. आमच्या शिक्षणक्षेत्राकडे बोट दाखवायलाही मी मागे राहणार नाही. कर्नाटकात कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा 1984 सालचा आहे. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन खटल्यात हीच फी घटनेविरुद्ध ठरवली, आणि तो खटलाही आपल्याच राज्यातल्या खासगी वैद्यकीय प्रवेशाचा. आज आपण तिला ‘डोनेशन’ म्हणतो आणि सत्यनारायणाच्या प्रसादाइतक्या सहज तिची चर्चा करतो. मुलाच्या प्रवेशाला किती, अनुदानित जागेवर लागायला किती.

खालच्या टेबलाचं हे गणित वरही तसंच चालतं, फक्त शून्यं वाढतात. जुलै 2021 मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनेने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून कामाच्या चाळीस टक्के रक्कम कमिशनमध्ये जाते अशी तक्रार केली. एप्रिल 2022 मध्ये बेळगावचा एक कंत्राटदार उडुपीच्या लॉजमध्ये मृत सापडला. आपल्या हिंडलग्याच्या रस्त्यांची कामं केली, बिल निघत नाही, कमिशन मागतात, असं त्याचं म्हणणं होतं. संबंधित मंत्र्यांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. 2023 च्या निवडणुकीत चाळीस टक्के हीच घोषणा झाली आणि सरकार बदललं. मे 2024 मध्ये वाल्मीकी विकास महामंडळातल्या एका कर्मचाऱ्याने जीव दिला, निधी भलत्या खात्यांत वळवल्याचं चिठ्ठीतून उघड झालं, आणि नव्या सरकारातल्या मंत्र्यालाही राजीनामा द्यावा लागला. पक्ष कुठलाही असो, मेला तो खालचा माणूस. कन्नडमध्ये म्हण आहे, बेलीने एद्दु होला मेय्दंगे. आपल्याकडे कुंपणच शेत खातं. म्हणीसुद्धा आपण वाटून घेतल्या आहेत.

चाळीसच्या आकड्याची एक गंमत सांगते. सरकारी पैसा अधिकारी किती प्रकारे हडप करतात, ह्याची यादी कौटिल्याने अर्थशास्त्रात दिली आहे आणि ते प्रकार बरोबर चाळीस आहेत. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवल्यासारखा होता. त्याची प्रत 1905 मध्ये म्हैसूरच्या ओरिएंटल लायब्ररीत आर. शामशास्त्रींच्या हाती आली आणि 1909 मध्ये त्यांनी तो छापला. म्हणजे चोरीची ही जुनी यादीही कर्नाटकातच सापडली.

म्हणूनच ‘पूर्वी असं नव्हतं’ हे मला पूर्ण पटत नाही. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना 1962 मध्ये संथानम समिती नेमली गेली, 1964 मध्ये तिचा अहवाल आला. काम लवकर व्हावं म्हणून दिले जाणारे पैसे हा प्रकार त्यात नोंदलेला आहे. आमच्या दादाचा पाच हजारांचा कागद त्याला पुरवणी म्हणून जोडता येईल. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था देशोदेशीचे सरकारी व्यवहार किती स्वच्छ वाटतात ह्याला शंभरपैकी गुण देते. भारताला 2012 मध्ये 36 होते, 2024 मध्ये 38. बारा वर्षांत दोन गुण. देश खड्ड्यात कोसळला असंही नाही, वर आला असंही नाही. आहे तिथेच बसला आहे.

घसरण झाली आहे ती दुसऱ्या जागी. डिसेंबर 1957 मध्ये लोकसभेत मुंदडा प्रकरण निघालं. आयुर्विमा महामंडळाचा पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवल्याचा आरोप. जानेवारी 1958 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांचा एकसदस्य आयोग नेमला. त्यांनी उघड्यावर, लोकांसमोर साक्षी घेतल्या आणि महिन्याभरात अहवाल हातात ठेवला. फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. आता ह्याच्याशेजारी लोकपाल ठेवा. पहिलं विधेयक 1968 मध्ये, कायदा 2013 मध्ये, पहिले लोकपाल बसले 2019 मध्ये. एक्कावन्न वर्षं! 2011 मध्ये अण्णा हजारे रामलीला मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा आमच्या कॉलेजातली मुलं पांढऱ्या टोप्या घालून आली होती. त्या मुलांना आता मुलं झाली. तेव्हाही चोर होते, आताही आहेत. फरक पडला तो चोरी आणि जाब ह्यांमधल्या अंतरात. उशिराचा बाजार फक्त दादाच्या वाट्याला येत नाही.

आपल्या राज्याचं ह्यात एक दुःख वेगळं आहे, कारण आपल्याकडे चांगली गोष्ट होती. लोकायुक्ताचा कायदा 1984 चा, 1986 पासून अंमलात. न्यायमूर्ती वेंकटाचल लोकायुक्त असताना त्यांच्या अचानक धाडींची सकाळच्या पेपरात लोक वाट बघत. न्यायमूर्ती संतोष हेगडे ह्यांनी 27 जुलै 2011 रोजी बळ्ळारीच्या बेकायदा खाणींवर अहवाल दिला. चार वर्षांत सरकारचं 16,085 कोटींचं नुकसान, असा त्यात आकडा. चार दिवसांत मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला (2016 मध्ये खाणींशी संबंधित खटल्यात विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं). ह्या तपासाच्या काळातच, 2010 मध्ये, आपल्या शेजारच्या कारवार जिल्ह्यात बेलेकेरी बंदरावर जप्त करून ठेवलेलं लाखो टन लोहखनिज नाहीसं झालं. खिशातलं पाकीट नव्हे, लाखो टन! मग पुढे काय झालं? लोकायुक्ताच्याच कार्यालयातून खंडणी मागितल्याच्या प्रकरणात 2015 मध्ये लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली. 2016 मध्ये सरकारने लोकायुक्तांचे पोलिसी अधिकार काढून स्वतःच्या हाताखाली ‘एसीबी’ उभी केली. 11 ऑगस्ट 2022 रोजी उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अधिकार परत लोकायुक्तांकडे आले. सहा वर्षं मात्र गेली.

आजही कन्नड पेपर उघडलात तर आतल्या पानावर ‘लोकायुक्त बलेगे’ अशी एखादी बातमी सापडतेच. अमका लोकायुक्तांच्या जाळ्यात. सापळ्याची रीत साधी आहे. तक्रारदाराच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिन नावाची पावडर लावतात. घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. 2018 पासून कायदा बदलला आहे. लाच देणाराही गुन्हेगार, मात्र त्याला भाग पाडलं असेल आणि सात दिवसांत त्याने कळवलं तर सुटका. हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘सापळा लावतो, पण पुढची तीस वर्षं मला त्याच हाफिसात जायचं हाय की!’ हेही खोटं नाही.

तेव्हा आम्ही मधला रस्ता धरला. ‘सकाल’ कायदा 2011 चा, एप्रिल 2012 पासून राज्यभर लागू. अर्ज दिला की पंधरा आकडी क्रमांक मिळतो, ठरलेल्या दिवसांत काम झालं नाही तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई. आणि ती अधिकाऱ्याच्या संबळातून. गिंबळातून नव्हे, तेवढं कायद्याला जमलेलं नाही. शेकडा तीनच्या व्याजापुढे पाचशे रुपये म्हणजे काय ते वाचकांनी ठरवावं. पण क्रमांकाचा उपयोग होतो, कारण तो असला की ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे वाक्य कुणाला बोलता येत नाही. आमच्या दीरांनी कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला, एजंटाचा खर्च वाचला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज ‘कागद अपुरे’ म्हणून फेटाळला. पुन्हा दिला, पुन्हा क्रमांक घेतला. मग माहिती अधिकारात विचारलं, आमच्या आधीचे आणि नंतरचे किती वारसा अर्ज कोणत्या तारखेला मंजूर झाले. कर्नाटकात ह्या अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. दादाचा अर्ज एकतीस शब्दांत झाला. तो गेल्यावर कार्यालयातला स्वर बदलला. दादाला ‘रे’वरून ‘हो’वर आणलं. काम मात्र झालं नाही.

नणंदेच्या मुलीने त्या स्थळाला नकार कळवला. कारण तिने पत्रिकेचं सांगितलं. अत्ती अजून हळहळतात.

दादाचा परवा फोन आला. तिसऱ्या वेळी हरकत अशी निघाली आहे की मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं नाव एका वेलांटीने वेगळं आहे. मराठी नाव कन्नड लिपीत जाताना कुणीतरी कधीतरी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं. त्याला ई-स्टॅम्प लागला. स्टॅम्पपेपरही विश्वासाचा राहिला नाही, ह्याला कारण झालेला तेलगी आमच्याच खानापूरचा. लहानपणी स्टेशनावर गाड्यांतून फळं विकायचा. दादाने प्रतिज्ञापत्र केलं, नोटरीचा शिक्का घेतला, नवा क्रमांक मला फोनवर वाचून दाखवला आणि मी तो वहीत उतरवून घेतला. भाताची मळणी झाली आहे. सोसायटीचं कर्ज अजून मिळालेलं नाही.